असूया आणि अमर्ष : महामारीच्या काळातील समाजमाध्यमांचा एक आढावा

१९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत शिरली, तेव्हा तेथील युरोपीय रहिवाशांत दर हजारी ८ हून किंचित अधिक माणसे दगावली, आणि सरकारी दफ्तरात ज्यांची नोंद ‘खालच्या जातींचे हिंदू’ अशी होत असे त्यांच्यांत दर हजारी ६१ हून अधिक. रोग एकच असताना पडलेला हा फरक जागेचा, हवेचा, अन्नाचा आणि शुश्रूषेचा होता, हे आज आपण सहज सांगू शकतो. परंतु परळच्या चाळीत तापाने फणफणलेल्या गिरणी कामगाराला मलबार हिलवरील बंगल्यात त्याच संध्याकाळी कोणते पक्वान्न शिजत आहे, कोणत्या गच्चीवर कोण वाऱ्याला बसले आहे, हे दिसण्याची काही सोय नव्हती, आणि जी विषमता त्याला अंगाने भोगावी लागत होती तिचे आकडे आरोग्य खात्याच्या अहवालांत, त्याच्या दृष्टीआड, पडून राहिले. एका शतकानंतर कोरोनाची साथ आली तेव्हा विषमता फारशी उणावली नव्हती. बदलले होते ते एवढेच की, ज्याच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे कोंडली होती त्याच्याही हाती एक मोबाइल होता, आणि त्या मोबाइलच्या काचेतून तो इतरांची घरे, अंगणे, ताटे आणि प्रवास दिवसाकाठी कितीतरी वेळा पाहत होता. महामारीच्या काळात समाजमाध्यमांवर जो मत्सर आणि जो रोष उसळला, त्याचा विचार येथून सुरू करावा लागतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी भावांची जी गणना आहे, तीत असूया आणि अमर्ष यांना स्वतंत्र स्थाने आहेत. दुसऱ्याचे ऐश्वर्य, सौभाग्य किंवा विद्या पाहून मनाची जी जळजळ होते आणि त्याच्या गुणांतही दोष शोधण्याची जी ओढ लागते, ती असूया; विद्येने, धनाने अथवा बळाने वरचढ असलेल्याने अवमान केला असता जो क्षोभ उसळतो, तो अमर्ष. ॲरिस्टॉटलनेही आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात असाच विवेक केला आहे : असूया वाटते ती वयाने, स्थळाने, व्यवसायाने आपल्या जवळ असलेल्यांविषयी, अपात्राच्या भरभराटीने सज्जनाला होणारे दुःख तिच्याहून भिन्न, आणि ते त्याने स्वभावाचे भूषणच मानले आहे. हा विवेक येथे मुद्दाम मांडण्याचे कारण असे की, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत समाजमाध्यमांवर जे जे कडवट लिहिले गेले ते सगळे ‘लोकांना दुसऱ्याचे बरे पाहवत नाही’ या एका वाक्यात गुंडाळून टाकण्याची सवय सुस्थितांना लागली. मला हे निदान चुकीचे वाटते. त्या कडवटपणात खरी असूया होती, पण ती प्रायः समानांमध्ये, आणि ती बहुतांशी मूकच राहिली. जे मोठ्याने उमटले त्यात अमर्षाचा भाग फार मोठा होता, आणि त्या अमर्षाला वर जाण्यास वाट न मिळाल्यामुळे तो आडवा पसरला, खाली घसरला आणि अखेरीस दुबळ्यांच्या अंगावर कोसळला. या काळाचे खरे दुःख या घसरणीत आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. पुढचे काही आठवडे समाजमाध्यमांवर एका विशिष्ट प्रकारच्या दर्शनाचे होते. चित्रपटतारका घरच्या व्यायामशाळेतून कसरतीच्या चित्रफिती प्रसृत करीत होत्या. हे इतके वाढले की दिग्दर्शिका फराह खान यांनी स्वतःच एक चित्रफीत काढून आपल्या व्यवसायबंधूंना हे आता थांबवा असे विनविले, कारण लोकांपुढे याहून मोठ्या चिंता उभ्या होत्या. २८ मार्चला दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिकेचे पुनःप्रसारण सुरू झाले, तेव्हा तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आपण ती पाहत बसल्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. हजारो मजूर त्याच दिवशी महामार्गांवरून चालत होते, टीकेची झोड उठली आणि ते छायाचित्र मागे घ्यावे लागले. त्याच सुमारास अमेरिकी चित्रपट-व्यावसायिक डेव्हिड गेफन यांनी कॅरिबियन समुद्रातील आपल्या अवाढव्य नौकेचे चित्र टाकून सर्वांना सुरक्षित राहण्याच्या शुभेच्छा दिल्या, आणि जगभरच्या संतापापुढे आपले खाते लोकांच्या नजरेआड केले. फ्रान्समध्ये लैला स्लिमानी या नामांकित लेखिकेने खेड्यातील आपल्या घरातून टाळेबंदीची दैनंदिनी लिहिली, तर तिला पॅरिसच्या कोंदट खोल्यांत अडकलेल्यांचा क्षोभ सोसावा लागला. ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्सचे राजे ग्रीसला सुटीवर गेले आणि प्रजेचा रोष पाहून दुसऱ्याच दिवशी परतले. या प्रसंगांतील कोणीही नवे सुख मिळविले नव्हते. नौका, बंगला, व्यायामशाळा ही त्यांची पूर्वीचीच होती आणि पूर्वी त्यांची चित्रे लोक कौतुकाने पाहत. सर्वांवर सारखे संकट आले आहे असे राज्यकर्ते आणि प्रतिष्ठित सांगत असता ही चित्रे त्या सांगण्याला खोटे पाडत होती, आणि पाहणाऱ्याच्या हालांची गणतीच कोणी केलेली नाही हे त्याला कळवीत होती. या जाणिवेत अवमान आहे, आणि म्हणून तिच्यातून आलेला क्षोभ अमर्षाच्या सदरात पडतो.

खरी असूया शोधायची तर तारे-तारकांना सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, वर्गमित्रांकडे, नातलगांच्या व्हॉट्सॲप गटांकडे वळावे लागते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे प्रतिपादन केले की, स्वतःचे मोल ठरविण्याचे वस्तुनिष्ठ साधन हाताशी नसले की माणूस आपल्यासारख्याच इतरांशी तुलना करू लागतो. टाळेबंदीत तर कचेरी, शाळा, नाका, कट्टा ही तुलनेची नेहमीची ठिकाणेच बंद झाली आणि तुलनेचा सारा व्यवहार पडद्यावर आला. २०१३ साली जर्मनीत हॅना क्रास्नोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेसबुकवरील मत्सराचा अभ्यास केला होता, तेव्हा लोकांना सर्वाधिक खुपणारी गोष्ट दुसऱ्याचा प्रवास आणि सुटी ही आढळली. साथीने प्रवासच बंद केला. पण त्यामुळे मत्सर उपाशी राहिला नाही, त्याने लहान लहान वस्तूंवर गुजराण केली. कोणाला गॅलरी होती, कोणाच्या कोकणातल्या घराला अंगण आणि आंब्याची कलमे होती, कोणाचा पगार पूर्ण येत होता, कोणाच्या घरी मूल सांभाळायला आजी होती, कोणी या सक्तीच्या सवडीत नवी भाषा शिकत होते, तर कोणी घोटून घोटून केलेल्या डाल्गोना कॉफीचे पेले मांडत होते. एकटी राहणारी मुलगी भरल्या घराचे छायाचित्र पाहून व्याकूळ होत होती, आणि त्याच भरल्या घरात तीन वेळचा स्वयंपाक, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि स्वतःची नोकरी एकटीने ओढणारी बाई त्या मुलीच्या निवांत खोलीचा हेवा करीत होती. या असूयेने कोणावर चिखलफेक केली नाही. ती मनातल्या मनात कुढत राहिली, आणि म्हणूनच तिची मोजदाद कधी झाली नाही. नेदरलँड्समधील निल्स व्हान दे व्हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असूयेचे दोन प्रकार दाखविले आहेत, स्वतःला उंचावू पाहणारी आणि दुसऱ्याला खाली ओढू पाहणारी. घरोघर पाव भाजण्याची आणि सूर्यनमस्कार घालण्याची जी लाट आली तीत पहिल्या प्रकाराचा अंश निश्चित असावा.

कोवळ्या वयात मात्र ही तुलना अधिक जाचक होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेसबुक कंपनीची जी अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली, त्यांत असे नमूद होते की, ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत होते त्यांपैकी ३२ टक्क्यांनी इन्स्टाग्राममुळे ते दुःख आणखी वाढल्याचे सांगितले. कंपनीला हे ठाऊक होते. तिने हे स्वतःहून जगाला सांगितले नाही, याचा विषाद मला वाटतो.

आता अमर्षाचे सर्वांत दारुण पर्व. एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातील कोटा येथे शिकवण्यांसाठी राहिलेल्या विद्यार्थ्यांना परत आणण्यासाठी उत्तर प्रदेश सरकारने बसगाड्या पाठविल्या, पाठोपाठ महाराष्ट्रानेही धुळ्याहून एस.टी.च्या गाड्या धाडल्या. मुले सुखरूप घरी आली, यात अयोग्य काही नव्हते. परंतु १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाण्याच्या आशेने जमलेल्या मजुरांवर पोलिसांची लाठी चालली होती, ती चित्रे लोकांच्या मनातून पुसली गेली नव्हती. परदेशांत अडकलेल्यांसाठी ‘वंदे भारत’ मोहिमेचे पहिले विमान ७ मे २०२० च्या रात्री अबुधाबीहून कोचीला उतरले. त्यानंतर काही तासांतच, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडनजीक रुळांवर थकून झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि १६ जण ठार झाले. हे मध्य प्रदेशातील मजूर जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबत होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने पायी निघाले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या आणि त्यांचे छायाचित्र त्या सकाळी देशातील प्रत्येक पडद्यावर होते. विमानतळावर उतरणारे प्रवासी आणि रुळांवरच्या त्या भाकऱ्या एकाच दिवशी, एकाच बोटाच्या फटकाऱ्यासरशी, एकाखाली एक दिसल्यानंतर जो क्षोभ उसळला त्याला मत्सर म्हणणे हा त्या मृतांचा अपमान ठरेल. पासपोर्टवाल्यांनी आणलेला आजार रेशनकार्डवाल्यांनी भोगला, हे त्या दिवसांत ठिकठिकाणी बोलले गेलेले वाक्य वैद्यकीय दृष्ट्या अपुरे असेल. न्यायाच्या दृष्टीने ते अपुरे नव्हते.

या क्षोभाला कधी कधी फळही आले. एप्रिल २०२० मध्ये सारा महाराष्ट्र जिल्हाबंदीच्या हुकमाखाली असताना, गृहखात्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर एका बड्या उद्योगपती कुटुंबातील मंडळी आपल्या लवाजम्यासह, एकूण २३ जण, खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचली. त्या पत्राची प्रत समाजमाध्यमांवर पसरली आणि अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवून चौकशी बसवावी लागली. ज्यांच्या घरी मयत झाले असता परवान्याअभावी मुलाला अंत्यदर्शन घडले नाही, अशी कितीतरी कुटुंबे तेव्हा महाराष्ट्रात होती. त्यांचा रोष योग्य दिशेने गेला, दाद लागली आणि प्रकरण तेथे थांबले. मात्र असे प्रसंग विरळा.

बहुतेक वेळा वरच्याला गाठता येत नव्हते, आणि मग संताप जवळच्या, हाताला लागणाऱ्या माणसाकडे वळत होता. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले. दुबईची सहल करून आलेल्या त्या कुटुंबाची माहिती उपचार सुरू असतानाच व्हॉट्सॲपवरून हिंडू लागली, आणि आजारी माणसे आरोपी ठरली. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी २२ मार्चला थाळ्या वाजल्या. थोड्याच दिवसांत त्यांना भाड्याच्या घरातून निघून जा म्हणणारे निघाले, आणि त्यांच्यावरील हल्ले रोखण्यासाठी केंद्र सरकारला २२ एप्रिलला, प्लेगच्या काळातल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढावा लागला. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर तर एका संपूर्ण समाजाला साथीचा कर्ता ठरविणारे संदेश इतक्या वेगाने फिरले की खेडोपाडी भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना, संकटाच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधते आणि येथे तसेच झाल्याचे दिसते, अशा आशयाचे परखड मत नोंदविले. तो निकाल कितीजणांनी पुढे धाडला? मार्चअखेरचे संदेश पुढे धाडणाऱ्यांच्या मानाने फारच थोड्यांनी.

कोकणात हा प्रश्न आप्तांमधला होता, म्हणून अधिक क्लेशकारक. ज्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर गावचे घर उभे राहिले, ज्याच्या वर्गणीतून देवळाचा जीर्णोद्धार झाला, तोच मुंबईहून येतो म्हणताच गावाच्या वेशीवर लाकडे आणि दगड आडवे पडले. २०२० च्या गणेशोत्सवासाठी सरकारने दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली, आणि वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप गटांत मुंबईकर आणि गावकरी यांनी एकमेकांची पिढ्यान्‌पिढ्यांची उणीदुणी काढली : तुम्ही शहरात मजा केली, आम्ही म्हातारी माणसे सांभाळली, तुम्ही आमच्या पैशावर जगलात, आता आम्हालाच दार लावता. यात भीती होती, जुनी असूया होती आणि दोन्ही बाजूंचा खरा दुखावलेपणाही होता. जपानमध्येही परप्रांतीय क्रमांकाच्या मोटारी हेरून त्रास देणारे स्वयंघोषित पहारेकरी निर्माण झाले होते, तेव्हा हा दोष एकट्या कोकणाच्या माथी मारता येणार नाही.

याच काळात करमणुकीच्या क्षेत्रातही वर्गभेदाची कटुता दिसली. मे २०२० मध्ये यूट्यूब आणि टिकटॉक यांच्या चाहत्यांत जी जुंपली, तीत शहरी तरुणांनी टिकटॉकवरच्या खेडवळ कपड्यांना, उच्चारांना आणि सावळ्या चेहऱ्यांना मनसोक्त हिणविले. जूनअखेर सरकारने सीमेवरील तणावाच्या पार्श्वभूमीवर टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा ज्या गावाकडच्या कलावंतांचे नुकतेच जमलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले, त्यांच्या दुःखावर पुष्कळांनी आनंद मानला.

या सर्वांमागे एक यंत्रणा काम करीत होती. कोणाला काय दिसावे हे ठरविणारे गणित लोक कशावर थबकतात, कशावर उसळतात, याचा हिशेब ठेवते. फेसबुकने २०१७ पासून संतापाच्या चिन्हासह भावदर्शक चिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते. संतापाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आले ते थेट सप्टेंबर २०२० मध्ये, साथीचे पहिले सहा महिने उलटल्यावर. संताप मनुष्याचाच होता. परंतु वाऱ्याची दिशा पाहून वणवा जसा एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातो तसा तो ज्या वाऱ्यावर पसरला, तो वारा कंपन्यांनी सोडलेला होता, आणि त्याबद्दल त्यांना जाब विचारला गेला पाहिजे.

दुसऱ्या लाटेत असूयेने असे रूप घेतले की ते लिहिताना हात अडखळतो. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनची खाट, रेमडेसिव्हिरची कुपी, प्राणवायूचे नळकांडे यांसाठी ट्विटरवर याचना सुरू झाल्या. असंख्य अनोळखी तरुण-तरुणींनी रात्री जागून दूरध्वनी क्रमांक पडताळले, माणसे वाचविली. त्यांचे ऋण मोठे आहे. याचना करणाऱ्यांवर काही ठिकाणी कारवाईची धमकी दिली गेली तेव्हा ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने अशी दडपशाही खपवून घेतली जाणार नाही, असे बजावले. तरीही एक सत्य उरते : ज्याच्या मागे अनुयायी अधिक, त्याची हाक अधिक लांब जात होती. एकाच्या वडिलांना खाट मिळाल्याचे आभाराचे चार शब्द वाचताना, तीच खाट शोधत फिरणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या मनात जे आले असेल, त्याला असूया म्हणायचे की आकांत? त्याच पंधरवड्यात मालदीवच्या निळ्या पाण्यातली चित्रपटकलावंतांची छायाचित्रे येत होती. अभिनेता नवाजुद्दीन सिद्दिकी यांनी या प्रदर्शनाबद्दल आपल्या व्यवसायातील मंडळींची कानउघाडणी केली, आणि लेखिका शोभा डे यांनीही त्यातील असभ्यतेवर बोट ठेवले. सुटीला जाऊ नये असे दोघांचेही म्हणणे नव्हते. ती मिरवू नये, एवढेच ते मागत होते.

लशीच्या वाटपात कटुतेला आणखी एक खतपाणी मिळाले. पंचेचाळिशीच्या आतील सर्वसामान्यांना लस खुली नसताना एका बड्या राजकीय नेत्याच्या तरुण नातलगाचे लस घेतानाचे छायाचित्र झळकले आणि गहजब झाला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण नोंदणी कोविन संकेतस्थळावरच करावी लागे. केंद्रे उघडताच काही क्षणांत जागा संपत. ज्यांच्याकडे वेगवान जोडणी आणि टेलिग्रामवरील सूचनांची सोय होती त्या शहरी तरुणांनी शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांतील केंद्रांच्या वेळा पटकावल्या, मोटारीने जाऊन लस घेतली, दंडाला कापूस लावून छायाचित्रे टाकली. आणि ज्या आरोग्य केंद्राच्या दारात आदिवासी बाया रांगेत उभ्या होत्या तेथून त्यांना परत जावे लागले. ३१ मेला सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीबद्दल केंद्र सरकारला जाब विचारला. छायाचित्र टाकणाऱ्या तरुणाच्या मनात कपट नव्हते, त्याला आनंद झाला होता. पण आपला आनंद कोणाच्या वाट्यातून आला हे त्याला दिसले नाही, आणि ज्याला दिसले त्याचे म्हणणे त्या माध्यमावर उमटलेच नाही, कारण तो तेथे नव्हता.

या संदर्भात मुंबई महानगरपालिकेने केलेला एक बंदोबस्त मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२० च्या मे महिन्यात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा सरकारी दराने ताब्यात घेतल्या. आणि जूनपासून महापालिकेने आपल्या २४ विभागांत नियंत्रण कक्ष उघडून, चाचणीचा अहवाल रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी त्या विभागाच्या कक्षाकडे यावा, तेथील डॉक्टरांनी रुग्णाची प्रकृती पाहावी आणि त्यानुसार खाट द्यावी, अशी पद्धत लावली. ओळख, वशिला आणि पैसा यांच्या जोरावर घाबरलेल्या धनिकाने खाट अडवावी आणि खऱ्या गरजूला दारातून परतवावे, हा प्रकार त्यामुळे पूर्णपणे थांबला असे कोणी म्हणणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये हे कक्षही लोंढ्याखाली दबले होते. परंतु खाट कोणत्या नियमाने मिळते, कोण ठरवितो आणि तक्रार कोणाकडे करावी, याचे उत्तर वडाळ्याच्या चाळीतल्या माणसालाही विभागाच्या एका दूरध्वनी क्रमांकावर मिळू शकत होते. असे उत्तर मिळण्याची जागा जेथे नव्हती, तेथील माणूस आपली फिर्याद घेऊन फेसबुकवर गेला, आणि तेथे त्याच्या फिर्यादीची नोंद घेणारा अंमलदार कोणीच नसल्यामुळे तिला उत्तर देण्यास शेजारी, भाडेकरू, भाजीवाला आणि गावाकडे निघालेला चाकरमानी हेच तेवढे हाताशी सापडले.